बेचिराख गावं: पॉम्पेई, दायमाबाद आणि नेवाशाच्या खापऱ्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे "म्हणजे", "बरं का" शक्य तेवढे काढले आहेत, एखाददुसरा राहिला असेल तर चालवून घ्या.

श्रोत्यांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: आपल्याकडे पॉम्पेईसारखं काही आहे का? सरळ उत्तर द्यायचं तर, नाही. महाराष्ट्राची जमीन ज्वालामुखीनेच घडवलेली आहे, हे खरं. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला जाता ना, तो सगळा काळा कातळ म्हणजे लाव्हाच. पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा गाडलं जायला इथे माणूसच नव्हता.

तरीही हा भाग मी करतोय. एक तर पॉम्पेई आणि आपला नगर जिल्हा (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) यांच्यात खरोखरचं नातं आहे, व्यापाराचं. दुसरं म्हणजे, पॉम्पेईत जे टिकलं आणि आपल्याकडे जे हातातून निसटतंय, ते शेजारी ठेवलं की आपल्या शेतातल्या टेकाडांकडे बघायची नजर बदलते.

आधी पॉम्पेई, थोडक्यात. इटलीत नेपल्सच्या उपसागरापाशी व्हेसुव्हियस डोंगर आहे. त्याच्यापासून सुमारे १० किलोमीटरवर हे खाऊनपिऊन सुखी गाव. इ. स. ७९ मध्ये डोंगर फुटला. दिवस २४ ऑगस्ट असं पूर्वापार सांगितलं जायचं, पण २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख सापडली, त्यामुळे आता बरेच अभ्यासक ही घटना त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर नेतात. दुपारपासून आकाशातून प्युमिस पडायला लागला. प्युमिस म्हणजे फेसासारखा सच्छिद्र, हलका दगड. तो छपरांवर साचत गेला, छपरं कोसळली. बरेच लोक याच वेळात पळाले. जे थांबले त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरून धावत आलेल्या तापलेल्या वायू आणि राखेच्या लोटाने गाठलं. गाव चार ते सहा मीटर खाली गेलं.

१७४८ मध्ये तिथे खणायला सुरुवात झाली. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्ली या उत्खनन प्रमुखाने एक युक्ती केली. राख घट्ट झाल्यावर आतले देह कुजून गेले होते, पण त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तशाच राहिल्या होत्या. त्याने त्यांत पातळ प्लास्टर ओतलं, ते वाळू दिलं आणि भोवतीची राख फोडली. तोंडावर हात धरलेली माणसं, साखळीला बांधलेला कुत्रा, हे जे फोटो आपण बघतो ते या पद्धतीचे. एका बेकरीच्या भट्टीत ८१ पाव जळून कोळसा झालेले मिळाले. भट्टीत घातले, काढायला कोणी उरलं नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे नाही. पॉम्पेईतली प्रत्येक वस्तू जिथे होती तिथेच, आणि एका ठरलेल्या वर्षाच्या झाकणाखाली बंद झाली, हे महत्त्वाचं. (अगदी काटेकोर बोलायचं तर नंतर काही लोक भुयारं खणून सामान काढून घेऊन गेले, आणि त्याआधीच्या भूकंपाची दुरुस्तीही अजून चालू होती. पण ढोबळ मानाने हे खरं आहे.) तिथे सापडलेली वस्तू इ. स. ७९ नंतरची असू शकत नाही. हे झाकण लक्षात ठेवा, त्याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

आता त्या झाकणाखालची एक वस्तू. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात हस्तिदंताची एक छोटी बाई मिळाली. उंची साधारण २४-२५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी जास्त. अंगावर भरपूर दागिने, कमरेला मेखला, हातात बांगड्यांची रांग, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. रोमन कलेचा तिच्याशी काही संबंध नाही, बघताक्षणी कळतं की ही आपल्याकडची. तिला "पॉम्पेईची लक्ष्मी" असं नाव पडलं. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असं आता बहुतेक जण मानतात. डोक्यातून खाली एक भोक आरपार गेलेलं आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाय असावी. सध्या ती नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. त्या घराला पॉम्पेईत आजही "भारतीय मूर्तीचं घर" म्हणतात.

ती गेली कुठून? इथे मराठवाडा येतो. जालना जिल्ह्यात भोकरदन आहे, जुनं नाव भोगवर्धन. तिथे १९७३ च्या सुमारास झालेल्या उत्खननात हस्तिदंताच्या एका बाईचा तुकडा मिळाला, खालचा भाग, शेजारी दासी. घडण जवळजवळ तीच. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही याच वळणाची मूर्ती मिळाली आहे. म्हणून अनेकांचं म्हणणं, पॉम्पेईची बाई सातवाहनांच्या मुलखात घडली. पण मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे, आणि खरोष्ठी ही गांधाराकडची, वायव्येकडची लिपी. अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंताचा मोठा साठा मिळाला, त्याच्याशीही तिचं साम्य दाखवतात. मग ती तिकडची की आपली? की आपल्याकडे घडली आणि तिकडच्या व्यापाऱ्याने खूण कोरली? वाद मिटलेला नाही. माझा कल भोकरदनकडे आहे, पण त्यात थोडा घरचा अभिमानही असणार, तेवढं वजा करून घ्या.

म्हणजे या बाईची तारीख पक्की आहे, पण गाव पक्कं नाही.

आता उलट उदाहरण, आणि ते थेट नगर जिल्ह्यातलं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद आहे. महसुली कागदांत अशा गावांसाठी एक शब्द असतो, बेचिराख. आपल्याला वाटतं त्यात राख आहे, म्हणून जळून गेलेलं. मूळ शब्द बे-चिराग: जिथे दिवा लागत नाही ते. नावापुरतं गाव, राहायला कोणी नाही. दायमाबाद तसंच आहे. पॉम्पेई राखेत गेलं, आपल्या गावांत नुसता दिवा लागायचा थांबला.

दायमाबादची जागा १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकरांनी शोधली. मग तीन वेळा उत्खनन झालं: आधी म. न. देशपांडे, १९७४ नंतर एस. आर. राव, आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी. खाली काय निघालं? एकावर एक पाच वस्त्या. सगळ्यात खाली सावळदा संस्कृती, मग उत्तर हडप्पा, मग खास दायमाबादची म्हणून ओळखली जाणारी, मग माळवा, आणि सगळ्यात वर जोर्वे. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव, त्याच्या नावावरून अख्ख्या दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाला नाव मिळालं. लाल भांड्यावर काळी नक्षी, लांब तोटीचे तांबे, टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज. हे सगळं साधारण इ. स. पूर्व २२०० ते १००० या दरम्यानचं. बाराशे वर्षं माणसं एकाच जागी राहिली, आणि मग उठून गेली. का गेली? पाऊस कमी होत गेला, शेती परवडेना, असं ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी मांडलं. नगरकरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

उत्तर हडप्पा हा शब्द ऐकून कान टवकारले असतील, तर बरोबर आहे. सिंधू लिपीच्या खुणा असलेली मातीची मुद्रा आणि खापऱ्या प्रवरेच्या काठी मिळाल्या आहेत. कच्च्या विटांनी बांधलेली एक कबरही मिळाली, आतल्या देहावर वनस्पतींच्या तंतूंचं आच्छादन होतं.

पण दायमाबाद जगाला माहीत झालं ते १९७४ मध्ये, आणि तेही उत्खननामुळे नाही. एक स्थानिक भिल्ल शेतकरी झाडाच्या बुंध्याशी खणत होता. त्याला खाली धातू लागला. निघाल्या चार वस्तू. एक रथ, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, दोन बैल जुंपलेले, मागे उभा सारथी, आणि रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा. दुसरा हत्ती. तिसरा गेंडा, चौथा रेडा. गेंड्याला आणि रेड्याला चाकं आहेत, ओढत नेता येतील अशी. सगळं भरीव ओतकाम, चारही मिळून वजन ६० किलोंच्या वर. त्या काळच्या आपल्या वस्त्यांत तांबं मिळतं ते मणी, बांगडी, चपटी कुऱ्हाड असं, जपून वापरलेलं. आणि इथे एकदम ६० किलो! आज या वस्तू मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मुंबईला गेलात तर नक्की बघा. रेड्याच्या मानेचा जोर ज्याने घडवला तो माणूस आयुष्यभर रेडे बघत आला असणार.

आता प्रश्न. या वस्तू कधीच्या? ढवळीकर, राव, साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळाच्या मानल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षं जुन्या. त्यांच्या बाजूने आधार आहेत: एवढा धातू जमवू शकणारी दुसरी श्रीमंत वस्ती त्या टेकाडात दिसत नाही, आणि त्या थराचं उत्तरेकडच्या हडप्पा जगाशी नातं आहे. उलट डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या तपासणीवर बोट ठेवलं. या वस्तूंत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत तसं दिसत नाही. म्हणून त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्याही असू शकतील, असं त्यांचं म्हणणं. थोड्याथोडक्या वर्षांचा हा फरक नाही, हजार-दीड हजार वर्षांहून मोठा आहे.

हा वाद का मिटत नाही? कारण वस्तू बाहेर काढल्या गेल्या तेव्हा शेजारी कुठलं खापर होतं, वरचा थर अखंड होता की नंतर कोणी खड्डा करून पुरल्या होत्या, हे त्या क्षणी बघून नोंदवणारं कोणी नव्हतं. नंतर तपासलं, पण मोडलेला थर पुन्हा जुळत नाही. धातूचं वय मोजायची खात्रीची सोय नाही. कोळशाचं, हाडाचं, धान्याचं वय कार्बनवरून काढता येतं, पण तो कोळसा त्या वस्तूशेजारीच होता, हे आधी माहीत हवं. त्या शेतकऱ्याला मी बोल लावत नाही. त्याने खणलं नसतं तर आपल्याला त्या मिळाल्याच नसत्या. पण हिशेब असा झाला: पॉम्पेईच्या बाईची तारीख पक्की, गाव नाही. दायमाबादच्या रथाचं गाव पक्कं, तारीख नाही.

आता तिसरी वस्तू, दिसायला अगदीच सामान्य. नेवासे. नेवाशाला आपण जातो ते पैस खांबासाठी, ज्ञानेश्वरी सांगितली ती जागा म्हणून. शाळेच्या सहलीत मीही तेवढंच बघून आलो होतो. पण तिथेच लाडमोड नावाचं टेकाड आहे, आणि १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांच्या चमूने ते खणलं. वर मराठा आणि मुस्लिम अंमलाचा काळ, खाली सातवाहन, त्याखाली ताम्रपाषाणयुग, नदीच्या थरांत तर त्याहूनही जुनी दगडी हत्यारं. अहवालाचं नावच "इतिहासाकडून प्रागितिहासाकडे" अशा अर्थाचं आहे. घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं मिळाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आत मूल. एका लहानग्याच्या गळ्यात तांब्याचे मणी होते, आणि तांब्याच्या गंजामुळे आतल्या दोऱ्याचे तंतू टिकले. पॉम्पेईच्या पावांपुढे मला हा दोरा कमी वाटत नाही.

सातवाहन थरांमधल्या एका टप्प्याला सांकलियांनी "इंडो-रोमन" असं नाव दिलं, आणि त्याचं कारण खापऱ्या. दोन मुठींच्या, निमुळत्या बुडाच्या उंच घागरी असतात, त्यांना अँफोरा म्हणतात. दारू, तेल, माशांची चटणी हे सगळं रोमन जग त्यांत भरून जहाजाने पाठवायचं. नेवाशाला त्यांचे तुकडे मिळाले. त्यांत रोमन दारूच्या घागरींचा एक नेहमीचा प्रकार ओळखला गेला आहे. आणि यातली गंमत बघा: भारतात सापडलेल्या अशा घागरींपैकी बऱ्याच इटलीच्या कॅम्पानिया भागातल्या आहेत, म्हणजे व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या. त्या ओळखतात कशावरून? मातीत मिसळलेल्या काळ्या, चकाकत्या वाळूवरून. ती ज्वालामुखीची वाळू. ज्या डोंगराने पॉम्पेई गाडलं, त्याचीच भुकटी दारूच्या घागरींच्या अंगात बसून हिंदुस्थानपर्यंत आली.

या व्यापाराचं वर्णनही उपलब्ध आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं "पेरिप्लस" हे प्रवासवर्णन सांगतं की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून मौल्यवान दगड, तेरहून कापड, हे सगळं गाड्यांमधून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला यायचं. बदल्यात यायची इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळी, काच. नेवासे पैठणच्या शेजारचं, शेवगाव ओलांडलं की पलीकडे पैठण. त्या गाड्यांच्या मुलखातलंच हे गाव. रोममध्ये प्लिनी नावाचा विद्वान तक्रार करत होता की दरवर्षी भारत आपल्याकडून निदान पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. हा थोरला प्लिनी इ. स. ७९ मध्ये नौदलाचा प्रमुख होता. डोंगर फुटला तेव्हा लोकांना वाचवायला जहाज घेऊन गेला आणि तिथेच किनाऱ्यावर मेला. त्याच्या सतरा वर्षांच्या भाच्याने नंतर लिहिलेल्या दोन पत्रांमुळे आपल्याला त्या दिवसाची हकिकत कळते.

नेवाशाची ती खापरं काचेच्या कपाटात ठेवली तर कोणी दोन मिनिटं थांबणार नाही. पण ती कुठल्या थरात, कुठल्या नाण्यांबरोबर, कुठल्या भांड्यांबरोबर होती हे लिहून ठेवलेलं आहे. म्हणून जवळपास पन्नास वर्षांनीसुद्धा अभ्यासक त्यांच्याकडे परत जाऊ शकले, नव्या पद्धतीने तपासू शकले. त्यांचं गावही माहीत, वेळही माहीत. ६० किलोंच्या कांस्यापेक्षा मला या फुटक्या घागरी जास्त बोलक्या वाटतात, त्या यामुळे.

आता आपल्या टेकाडांचं. खेड्यात राहिलेल्यांना काळी आणि पांढरी हे शब्द माहीत असतील. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. पांढरी पांढरी का? शेकडो वर्षांची चुलीतली राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, चुना, हाडं, सगळं साचून माती फिकी आणि भुसभुशीत होते. घर पडलं की त्याच जागी सपाट करून दुसरं बांधायचं, म्हणून टेकाड वर वर चढतं. पॉम्पेईवर राख एका दिवसात आकाशातून आली. आपली गावं आपल्याच चुलीच्या राखेवर हजार वर्षं उंच होत गेली. त्यामुळे आपल्याकडे एका दिवसाचा ठसा मिळत नाही. मिळतो तो पिढ्यांचा क्रम, आणि तो फक्त थरांत असतो. थर उलटेपालटे झाले की वस्तू उरतात, क्रम जातो.

ही माती शेताला चांगली, म्हणून ती गाड्या भरून नेण्याची रीत जुनी आहे. बैलगाडी होती तोवर टेकाड हळूहळू झिजायचं. जेसीबीला एक दुपार पुरते. वर वीटभट्ट्या, सपाटीकरण, घरं, रस्ते. पॉम्पेईचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून मुद्दाम खणलेला नाही, पुढच्या पिढीकडे चांगली साधनं असतील म्हणून राखून ठेवलाय. आपल्याकडेही टेकाडांचा बराच भाग न खणलेला आहे, पण तो असा ठरवून राखलेला नाही. तो फक्त अजून कोणाच्या मशीनखाली आलेला नाही.

शेवटी कामाचं. नांगरताना, विहीर किंवा पाया खणताना नक्षीची खापरं, मडक्यातली हाडं, नाणी, धातूची वस्तू लागली तर काय करायचं? पहिलं, तिथलं खणणं थांबवा. वस्तू धुऊ नका, घासू नका. आहे त्या जागी, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून मोबाइलवर फोटो काढा, खड्ड्याच्या भिंतीचाही काढा, मातीचे रंग त्यातच दिसतात. मग तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनासाठी १८७८ चा कायदा आजही आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं त्यानुसार बंधनकारक आहे. कळवलं की जमीन जाते, ही भीती गावोगाव ऐकू येते, आणि त्या भीतीपोटी वस्तू रातोरात भंगारात किंवा दलालाकडे जातात. एक लक्षात घ्या, वस्तू सापडल्याची माहिती देणं आणि जागा संरक्षित म्हणून जाहीर होणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी वेगळी अधिसूचना काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. एका नाण्यामुळे शेत जात नाही.

तुमच्या शिवारात पांढरीचं टेकाड असेल, आणि गावात त्याला काही नाव असेल, तर ते नाव मला जरूर कळवा. लाडमोड हे नाव कुठून आलं याच्याही गोष्टी चालतील. पुढच्या भागात संगमनेरच्या बाजूला जाऊ, जोर्व्याला. टिचकी मारल्यावर वाजणारी ती भांडी नेमकी भाजायचे कशी, ते बघू.